मुकादमाचं कार्ड

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. कशी आहेस? तुझा फोन महिनाभर बंद लागतोय, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो. दुकानाच्या बिलांपलीकडे काही लिहायची सवय राहिलेली नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. लहानपणी तू माझी पाटी पुसून पुन्हा लिहायला लावायचीस, त्याचा फारसा उपयोग झालेला दिसत नाही.

इकडे सगळं ठीक. हिचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्यामागून हीसुद्धा. दुकान जोरात आहे. हल्ली लोकांना भिंतीला साधा रंग चालत नाही, 'ढगाळ सकाळ' वगैरे नावं सांगतात आणि डबा उघडला की आत आपला राखाडीच असतो. भावोजी असते तर म्हणाले असते, "नाव काहीही ठेवा, हात दोनच मारावे लागतात." जाहिरातीचं सगळं आता जावई बघतो. त्याला त्यातलं कळतं म्हणे.

लिहायचं कारण असं की टेम्पोवाल्याबरोबर मुकादमाच्या खाण्याची गोणी पाठवतो आहे. डॉक्टरांनी त्याच्या पोटासाठी लिहून दिलेलं आहे, तेच खाणं. यापुढे दर महिन्याला घरपोच येईल. दवाखान्यामागच्या त्या संस्थेत जाऊन तू रांगेत उभी राहायची गरज नाही. तिथे येणाऱ्या गोण्या दोन वर्षांपासून आमच्याच दुकानातर्फे जातात, हे तुला माहीत असेल-नसेल. काम मोठं चांगलं आहे. नोकरी गेलेली, आजारी, एकटी माणसं. त्यांच्यावर नाइलाजाने कुत्रं सोडून द्यायची वेळ येऊ नये, म्हणून खाणं द्यायचं, औषध द्यायचं. मी भाषणात सांगतो, माणसाची आणि त्याच्या कुत्र्याची ताटातूट होऊ देणार नाही.

तू तिथे येतेस हे मला परवाच कळलं. डिसेंबरातल्या रविवारी आली होतीस म्हणे. गर्दी ही एवढी असते, त्यात मी चष्मा गाडीत विसरलो होतो. तिथे कार्डं तपासणाऱ्या बाई आहेत, त्या म्हणाल्या की तू जानेवारीत आली नाहीस आणि या महिन्यातही नाही. म्हणून काळजी वाटली.

मुकादम कसा आहे? रस्ता खणणाऱ्यांसमोर बसून अजून देखरेख करतो का? भावोजी त्याला कामावर आणायचे तेव्हा शिडीखाली असा बसायचा, की आपणच कामचुकार आहोत असं वाटावं. कुत्र्याला नाव अगदी शोभून दिसायचं.

काही लागलं तर हक्काने कळव.

तुझा भाऊ

२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

गोणी परत आली. टेम्पोवाला म्हणाला, "बाईंनी पाणी दिलं, चौकशी केली, पण गोणी काही दाराच्या आत घेतली नाही." सोबत तुझी चिठ्ठी: "गोणी परत पाठवते आहे. कॅलेंडरात तुझ्या डोळ्यांवर चष्मा आहे."

आहे. चष्मा डोळ्यांवरच होता. तू मला दिसली होतीस.

पण ताई, माझी बाजूही समजून घे. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष शेजारी उभे, मागे दुकानाच्या नावाचा फलक, समोर जावई मोबाइल धरून "हसा, हसा" करतोय. त्यात अचानक तू समोर. मी गडबडलो. काय बोलावं ते सुचलंच नाही. माणसाचं होतं असं कधीकधी.

दुकानाच्या कॅलेंडरचं मात्र गडबडीत झालेलं नाही, ते सांगून टाकतो. फोटोशिवाय गोणी नाही, ही अट माझी. संस्थेने कधीच मागितली नव्हती. लोक मान फिरवायचे, एका गृहस्थाने तर कुत्रं उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरलं होतं, आणि आम्ही त्यावर हसलो होतो. त्या फोटोंतून जावयाने बारा निवडले आणि छापायच्या आधी माझ्या टेबलावर मांडले. फेब्रुवारीत तू होतीस. हातात गोणी, पायाशी मुकादम, शेजारी मी. "हा नको" म्हटलं असतं तर त्याने "का?" विचारलं असतं. मी म्हणालो, "छान आलाय." एक तारखेला तुझ्या गल्लीतल्या किराणावाल्याने, न्हाव्याने, सगळ्यांनी पान उलटलं असणार. हे मला तुझी चिठ्ठी वाचल्यावर सुचलं. आधी सुचायला हवं होतं.

आता महत्त्वाचं. तू मुकादमाला देऊन टाकण्याचा फॉर्म भरलायस आणि संस्थेने एक मार्चची तारीख दिलीय, असं बाईंकडून समजलं. कारणाच्या जागी तू लिहिलंयस, 'रांगेत उभं राहवत नाही.' बाई बिचाऱ्या म्हणाल्या, "पाय दुखत असतील, आम्ही खुर्ची ठेवू." मी मान डोलावली.

हे करू नकोस. अकरा वर्षांचा झालाय तो, आता कोणाच्या दारात रुळणार? हवं तर मी त्याला आमच्या गोदामात ठेवतो, राखणही होईल. राग माझ्यावर आहे ना, मग त्या मुक्या जिवाची फरपट का? एवढा हट्ट बरा नाही.

तुझा भाऊ

२५ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. यावं असं मी काही लिहिलंही नव्हतं. राखणीला ठेवतो म्हणालो, तेही तुझ्या कुत्र्याला. आणि वर तुलाच हट्टी म्हणालो. पत्र टेम्पोवाल्याच्या हातात दिलं आणि तो वळणावरून दिसेनासा झाला, तेव्हाच लाज वाटायला लागली. ती अजून थांबलेली नाही.

काय बोलावं ते सुचलं नाही, असं लिहिलं होतं. ते खोटं. सुचलं होतं आणि मी बोललो होतो. तुला माहीतच आहे, पण एकदा माझ्या हाताने लिहितो.

तू रांगेतून पुढे आलीस. मला बघून तुझा चेहरा फुलला आणि हळूच म्हणालीस, "अरे, तू?" मी म्हणालो, "या बाई, इकडे बघा, कॅमेऱ्याकडे." बाई म्हणालो. तरी तू कॅमेऱ्याकडे वळलीस. पण मुकादमाला कोण सांगणार? भावोजी रंग घ्यायला आले की मी त्याला गल्ल्याशेजारच्या डब्यातलं बिस्कीट द्यायचो, ते त्याच्या लक्षात. दोन्ही पाय माझ्या पँटवर ठेवून उभा राहिला, शेपटी नुसती गरगर. अध्यक्ष हसले. म्हणाले, "काय हो, ओळखीचं दिसतंय कुत्रं?" मी म्हणालो, "छे हो, इथे दोनशे येतात." आणि तुला म्हणालो, "आवरा तुमचं कुत्रं."

तू पट्टा ओढलास. आणि अध्यक्षांना म्हणालीस, "माफ करा हं, तो सगळ्यांच्याच अंगावर जातो."

तो कोणाच्याही अंगावर जात नाही. आयुष्यात कधी गेला नाही. मी तुझं नातं नाकारलं आणि माझी लाज झाकायला तू आपल्या शहाण्या कुत्र्यावर आळ घेतलास. ताई, तू दोन शिव्या दिल्या असत्यास, तर त्या मी विसरलो असतो. हे वाक्य जेवताना आठवतं, गिऱ्हाइकाशी बोलताना आठवतं.

आणि हे काही डिसेंबरात सुरू झालेलं नाही. धाकटीच्या लग्नाच्या स्वागत-समारंभाला तुम्हा दोघांना मी म्हणालो होतो, "आज फार गर्दी असेल, उद्या निवांत या." भावोजी दुसऱ्या दिवशी नवा शर्ट घालून आले, नखांत रंग नको म्हणून हात घासघासून लाल केलेले, आणि रिकाम्या हॉलमधल्या खुर्च्या उचलणाऱ्यांना मदत करून गेले. ते वारल्यावर तू कशी भागवतेस, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. सख्ख्या बहिणीला विचारायचं नाही आणि गावाला गोण्या वाटायच्या. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी दोन वर्षं फलक लावून मिरवत होतो.

सोमवारी संस्थेत गेलो. मागच्या खेपेला बाईंनी विचारलं होतं, "त्या तुमच्या ओळखीच्या का?" तेव्हा मी सांगितलं होतं, "त्यांचे मिस्टर पूर्वी आमच्याकडून रंग न्यायचे." सोमवारी म्हणालो, "बाई, ती माझी सख्खी बहीण आहे." बाईंच्या हातात इंजेक्शनांची यादी होती. ती त्यांनी खाली ठेवली, कपाटातून तुझी फाइल काढली आणि माझ्यासमोर उघडली. कार्ड मुकादमाच्या नावाने, खाली मालक म्हणून तू. त्याखाली रकाना: 'मालक आजारी पडल्यास कुत्र्याला कोण सांभाळेल?' तिथे तुझ्या अक्षरात माझं नाव, दुकानाचा नंबर, आणि पुढे 'सख्खा भाऊ'. त्यावर एक रेघ. अगदी सरळ.

बाई म्हणाल्या, "डिसेंबरच्या त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी आल्या होत्या. पट्टी मागून घेतली माझ्याकडून."

"काही बोलल्या?"

"नाव मी नीट पाहिलंच नव्हतं. मला वाटलं, भाऊ वारला. मी म्हटलं, फार वाईट झालं हो, कधी गेले? त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पट्टी परत दिली आणि उठल्या."

मी तिथल्या बाकावर बसलो. समोर एक माणूस आपल्या कुत्रीच्या कानात औषध घालत होता, तिला "झालं गं बाई, झालं" म्हणत होता. बाईंनी माझी समजूत घातली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. त्या एवढंच म्हणाल्या, "फोटो बंद करा. त्यापायी आणखी किती जण यायचे थांबलेत, ते मोजायचं धाडस मला नाही."

फोटो बंद केलेत, फलक उतरवलाय. जावयाला सगळं सांगितलं. हिला सांगितलं. ही म्हणाली, "मला ठाऊक होतं. कॅलेंडर आलं त्या दिवशीच ओळखलं मी." म्हणजे दोन महिने ही माझ्या तोंडून कधी निघतंय याची वाट बघत होती.

काल तुझ्या गल्लीत आलो होतो. दुकानादुकानांतून फेब्रुवारीचं पान मागून घेतलं. किराणावाला म्हणाला, "अहो, महिना संपायला चार दिवस राहिलेत, आपोआप उलटेल की." तरी फाडून घेतलं. तुझ्या जिन्यापर्यंत आलो. वरून मुकादमाचा आवाज आला, एकदाच भुंकला. वर येण्याइतकं तोंड माझ्याजवळ नव्हतं, म्हणून परत फिरलो.

आता मागायचं ते मागतो. संस्थेचा एक नियम आहे. ज्याचं कार्ड आहे त्याला येणं जमत नसेल, तर त्याच्या वतीने दुसरं कोणी रांगेत उभं राहू शकतं. त्यासाठी एक कागद लागतो. तो सोबत आहे. कार्डाचा नंबर, तुझं नाव, मुकादमाचं नाव बाईंनी लिहून दिलंय, माझं मी लिहिलंय. एक जागा रिकामी आहे: 'येणाऱ्याचे कार्डधारकाशी नाते'. मी पेन टेकवणार होतो, तर बाईंनी कागद ओढून घेतला. "हे त्या भरतील," म्हणाल्या.

तू काहीही लिही. 'शेजारी' लिहिलंस तरी चालेल. 'तोंडओळख' लिही. 'कोणी नाही' लिहिलं तरी गोणी मिळते, हे मी विचारून घेतलंय. फक्त मुकादमाला देऊ नकोस. भावोजींनंतर त्या घरात तुझ्यामागून खोल्याखोल्यांतून हिंडणारं दुसरं कोणी नाही, आणि ते एकही तू माझ्यापायी घालवायला निघालीस.

कागद टेम्पोवाल्याजवळ दे, नाहीतर देऊ नकोस. रविवारी सकाळी आठ वाजता मी रांगेत असेन, टेबलाच्या पलीकडे नाही, अलीकडे. अध्यक्षांनाही सांगून ठेवलंय, कोणासाठी उभा आहे ते.

तुझा