राखीव पथकातल्या नातवाचे आजोबा

प्रिय बाबा,

आज सकाळी ओंकारच्या फोनवर राखीव सैनिकांच्या कॅम्पचा मेसेज आला. तो वाचून त्यानं चहाचा कप बाजूला ठेवला आणि मला विचारलं, “आई, आजोबा माझ्याबद्दल कधी काही बोलले का? लाइक, एनीथिंग?” मी पोळी लाटत राहिले. उत्तर मला माहीत आहे, पण ते तुम्ही द्यायचं होतं. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तरी तुमची राहिलेली कामं अजून माझ्याच गळ्यात आहेत. म्हणून हे पत्र. रागावूनच लिहितेय, तेव्हा गोड काही वाचायला मिळेल अशी आशा ठेवू नका.

यंदाही पथकानं त्याला कुटुंबांच्या भेटीच्या दिवशी बोलायला सांगितलंय. तो नाही म्हणणार आहे. का, ते तुम्हाला वेगळं सांगायला हवं?

तुम्ही पुण्यात होतात तेव्हाची गोष्ट आठवते? इथे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, असलेल्या आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत एकच खलबत चालायचं. मुलगा सोळाचा व्हायच्या आत पीआर सोडायचा आणि त्याला पुण्याला धाडायचं, म्हणजे इथल्या लष्करातली सक्तीची दोन वर्षं टळतात. तुमच्या जावयानं, सुधीरनं तर तिथल्या कॉलेजचे फॉर्मसुद्धा मागवले होते. ओंकारच अडून बसला. का माहितेय? “आजोबांनी केलं ते मला करायचंय.” हे त्यानं तुम्हाला फोनवरही सांगितलं होतं. त्यावर तुम्ही काय म्हणालात? “परक्या देशाची फौज! कर बाबा, हौस असेल तर.”

हौस! मला दात आले तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत. पूर्वेकडच्या डोंगरांतल्या ठाण्यांवर तुमचं हवाई दलाचं पथक विमानाच्या मागच्या दारातून तांदूळ, मीठ, रॉकेल टाकायचं आणि आई इकडे एकटी मला घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभी असायची. तक्रार केली का कधी तिनं? उलट आल्यागेल्याला अभिमानानं सांगायची, “आमचे हे लोकांच्या तोंडात घास घालतात.” तुम्हाला अभिमान आयता मिळत गेला बाबा. दुसऱ्याला द्यायचा असतो, हे शिकायची वेळच तुमच्यावर आली नाही.

आई गेली आणि तुम्ही आमच्याकडे वुडलँड्सला राहायला आलात. तेव्हा ओंकारची दोन वर्षं संपून तो चांगी बिझनेस पार्कात नोकरीला लागला होता. पण इथे दोन वर्षं संपली म्हणजे सुटका नव्हे. पुढं वर्षानुवर्षं बोलावणं येतं. नोकरी सोडायची नाही, पण बोलावलं की युनिफॉर्म चढवून हजर व्हायचं. ओंकार मालवाहू विमानांच्या पथकाकडे. तुमचंच काम! तो किती खुशीत होता. तुम्ही मात्र पहिल्याच आठवड्यात नाव ठेवून मोकळे झालात, “सुट्टीचे सैनिक.”

आणि तो भेटीचा दिवस. तुम्ही कोट घातलात, त्यावर तुमची पदकं लावलीत, मला वाटलं, चला, आता तरी बर्फ वितळलं! ओंकार आधीचा सगळा आठवडा स्वयंपाकघरात माझ्यासमोर भाषणाची तालीम करत होता. त्यानं पथकाचा इतिहास जमवला होता. देश लहान, सुरुवातीला विमानं मोजकी आणि माणसं त्याहून मोजकी. कायमच्या नोकरीत हवी तेवढी माणसं ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून शिकवून तयार केलेली मुलं आपापल्या कामाला जायची आणि गरज पडली की परत यायची. कोणी बँकेतून, कोणी शाळेत शिकवता शिकवता, कोणी नूडल्सचा स्टॉल बायकोवर सोपवून. शेजारी कुठे पूर आला, भूकंप झाला, की हीच माणसं माल रचायची, जाळी टाकायची, पट्टे आवळायची.

त्यात एक नियम त्याला फार आवडायचा. ज्यानं पट्टा आवळला, त्यानं तो तपासायचा नाही. दुसऱ्यानं येऊन ओढून बघायचा. कारण स्वतःच्या कामातली चूक स्वतःला दिसत नाही आणि आकाशात माल सुटला तर विमानच जातं. तुम्हीही हे असंच करायचात ना? हा नियम सांगून तो शेवटी म्हणणार होता, “हे मला पहिल्यांदा ज्यांनी शिकवलं ते माझे आजोबा इथे बसले आहेत.” तालमीत तिथे पोचला की दर वेळी त्याचा आवाज चिरकायचा आणि मला हसू यायचं.

त्या वाक्यापर्यंत तो पोचलाच नाही. तुम्ही पोचू दिलंत कुठे?

मधेच तुम्ही उठलात. आधी विमानाच्या दाराबद्दल काहीतरी दुरुस्ती केलीत. ते ठीक होतं, तो “येस, आजोबा” म्हणाला. मग त्या सगळ्या आयाबापांपुढे, त्याच्या साहेबांपुढे, तुम्ही खणखणीत इंग्रजीत म्हणालात, “धिस इज नॉट सर्व्हिस, सन. धिस इज अ पिकनिक इन युनिफॉर्म.” लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा मिश्कील आहे. ओंकारही हसला. मग त्यानं हातातला कागद घडी करून खिशात घातला आणि “थँक यू, रिफ्रेशमेंट तिकडे आहे” असं सांगून टाकलं. बाबा, तुम्ही तिथे जाऊन दोन समोसे खाल्लेत. मला अजून दिसतायत ते समोसे.

त्यानंतर घरात त्या पथकाचं नाव निघालं नाही. कॅम्प असला की तो बॅग उचलायचा, “जातो” म्हणायचा, संपलं.

मग शेजारच्या देशात भूकंप झाला. बोलावणं आलं तसा ऑफिसातली मीटिंग सोडून ओंकार गेला. त्या दिवशी तुम्ही टीव्हीसमोरून हलला नाहीत. तांदळाची पोती, तंबू, पाण्याचे डबे चढताना दाखवत होते आणि तुम्ही पडद्याशी पुटपुटलात, “पट्टे दुसरा कोणी ओढून बघतोय ना?” मी म्हटलं, “तो घरी आला की त्यालाच विचारा की!” तुम्ही आवाज वाढवलात. टीव्हीचा.

तो आला, आंघोळ करून जेवला, तुमच्या समोर बसून जेवला. त्याच्या तळहातांना फोड आले होते. तुम्ही ते पाहिलेत, कारण तुम्ही भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलंत. आणि बोललात काय? “मीठ कमी आहे आज.”

मग थोड्याच आठवड्यांत तुमचं हृदय थांबलं. सगळे विधी त्यानंच केले. परक्या फौजेतल्या त्या सुट्टीच्या सैनिकानं.

आता तुम्ही गेलात त्या दिवसाचं ऐका. भेटायला आलेल्यांत आपल्या मजल्यावरच्या रोहानी आंटी होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, “युअर फादर आह, एव्हरी डे इन द लिफ्ट ही टेल मी. माय ग्रँडसन, सेम जॉब लाइक मी. टेक राइस टू द अर्थक्वेक पीपल. सो प्राउड, लाह!” खालच्या दुकानातल्या अंकलनाही माहीत होतं. झाडू मारणाऱ्या तमिळ अण्णांना तुम्ही हिंदीतून सांगितलं होतंत म्हणे, आणि त्यांना हिंदी येत नाही!

म्हणजे बोलता येत होतं तुम्हाला! सगळ्या ब्लॉकला सांगत सुटला होतात. एकटा तोच कसा राहिला? लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबत नव्हती का, बाबा? दार उघडून आत यायचं आणि तेच वाक्य म्हणायचं, एवढंच तर होतं. डोंगरांच्या मधून विमान जाताना उघड्या दाराशी उभं राहायला तुम्ही कधी कचरला नाहीत, आणि स्वतःच्या नातवापुढे, तेही जेवणाच्या टेबलावर, तुमची जीभ टाळ्याला चिकटली!

तेव्हा मी ते ओंकारला सांगितलं नाही. मुद्दाम. मला वाटलं, तुमचं कौतुक मी का पोचवू? निरोप्या आहे का मी? आणि सांगितलं असतं तर सगळे लगेच म्हणाले असते, “बघ, आजोबांचं किती प्रेम होतं!” आणि तो दिवस, तो घडी घातलेला कागद, सगळं पुसलं गेलं असतं. मला ते पुसायचं नव्हतं. अजूनही नाही.

पण आज त्यानं विचारलं. तुमची पोकळी तो दुसऱ्या कशानं तरी भरेल, असं वाटण्याइतकी मी भोळी नाही. मुलगा सव्वीस वर्षांचा होत आलाय आणि अजून तुमच्या एका वाक्यासाठी थांबलाय.

म्हणून वचन देते. आज तो ऑफिसातून आला की त्याला समोर बसवून सांगेन. आंटी काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगेन. आणि ते त्याच्या तोंडावर म्हणायला तुम्ही घाबरलात, हेही सांगेन. त्यातलं गोड तेवढं वेचून देणार नाही. तुमचं कौतुक तुमच्या भित्रेपणासकट त्याच्या हाती ठेवेन. मग तुम्हाला माफ करायचं की नाही, ते तो ठरवेल. तुमच्या बाजूनं मी एक शब्दही टाकणार नाही.

तुमची, अजून राग न निवळलेली,
विदू