आतल्या बाजूची सही

प्रिय दादा,

तुझ्या लेकीचा नव्या गिटारसोबतचा फोटो पाहिला. "आत्याच्या कारखान्यातली आहे," असं सगळ्यांना सांगत सुटलीये म्हणे. घेण्याआधी मला एकदा विचारायचंस तरी.

थोरल्या मालकांच्या वेळी लाकूड वर्षानुवर्षं वाळत पडायचं. धाकट्या मालकांनी कर्ज काढून स्पीकरचा कारखाना घेतला, तो बुडाला, आणि आता बँकवाले रोज विचारतात, माल कधी निघणार. मग ओलसर लाकूडच कापायचं आणि वरून चकचकीत पॉलिश मारायचं. "वरून कीर्तन, आतून तमाशा," असं आमचा फोरमन म्हणतो, आणि पास झाल्याचा शिक्का मारतो.

उन्हाळ्यात लाकूड सुकलं की गिटारचा दांडा वाकेल. तारा वर उचलल्या जातील, बोटं दुखतील, आणि पोरीला वाटेल की आपल्यालाच जमत नाही.

परत कर, असं सांगावंसं वाटतं. पण सगळेच परत करायला लागले तर कारखान्याला टाळं लागेल, आणि माझं घर त्याच पगारावर चालतं. म्हणून हे पत्र मी काही टाकणार नाही. फोनवर "छान दिसतेय" एवढंच म्हणेन.

गिटारची पाठ चिकटवण्याआधी आम्ही आतून पेन्सिलीनं सही करतो. तुझ्या जुन्या गिटारमध्ये आरसा घालून दाखवली होती मी. हल्ली मी करत नाही. ओल्या लाकडावर पेन्सिल उमटत नाही, असं सगळ्यांना सांगते.

लेकीनं विचारलंय, आत्याची सही कुठे आहे. घरात आरसा सापडत नाही म्हणून सांग.

तुझी,
धाकटी