शनिवारचा राजमा आणि हॅमची पुडी

लारेस, पोर्तो रिको
गुरुवार, दुपार (राजमा चुलीवर)

प्रिय प्रोवीताईस,

आशीर्वाद दे, ताई! (यावर 'देव तुझं भलं करो' म्हणायला तू सवयीने तोंड उघडशील, पण थांब. आत्ता म्हणू नकोस. तो आशीर्वाद मला पत्राच्या शेवटी लागणार आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे अमेरिकेत, हार्टफर्डच्या थंडीत कुरकुरत असतील. यारित्साला सांग, मामा ठणठणीत आहे, आणि तिने पाठवलेले लोकरीचे मोजे त्याने एक दिवस घालून बघितले. पायांना घामोळं आलं. बाकी कोंबड्या बऱ्या आहेत. डोंगरावरचं धुकं हल्ली भर दुपारीच खाली उतरतं. मी ओसरीवर टांगलेल्या झोळीत आडवा झालो की दारातल्या केळी दिसेनाशा होतात, आणि मग मी जागा आहे की झोपलोय, हे माझं मलाच कळत नाही. त्यामुळे या पत्रात पुढे एखादं डुक्कर बोलायला लागलं तर दचकू नकोस.

तुझं पत्र मिळालं. वजन सात किलो उतरलं, कशालाच चव लागत नाही, तिथला डॉक्टर काळजीत आहे, हे मी दोनदा वाचलं. पुढे तू लिहितेस, मोन्से, तुझ्या हातचा राजमा मिळाला तर मी उठून बसेन. मी लेकीकडे यायला निघाले, त्याच्या आदल्या शनिवारी केला होतास तस्साच हवा. कृती पाठव, आणि त्यात पौष्टिक काय काय आहे तेही लिही, डॉक्टरला दाखवायचंय. ताई, ते पत्र छातीवर ठेवून मी चार दिवस झोळीत पडून होतो. कृती काय, सोपी आहे. राजमा, लाल भोपळा, कांदा-लसूण-मिरचीचं वाटण, आणि एक पुडी. त्या पुडीपाशी आलं की माझा हात थांबतो.

आता सांगूनच टाकतो. बावीस वर्षांपूर्वी भाऊजी गेले, तू शनिवार पाळणाऱ्यांच्या चर्चात जाऊ लागलीस आणि तिथे वर्ज्य म्हणून डुक्कर खाणं सोडलंस. प्रार्थना झाली की तू आमच्याकडे जेवायला यायचीस. पहिल्या शनिवारी माझ्या कार्मिनने तुझ्यासाठी साधा राजमा केला. तू दोन चमचे खाल्लेस आणि ताटाकडे बघत बसलीस. (किती वाळली होतीस तेव्हा! मनगटातली बांगडी कोपरापर्यंत जायची.) पुढच्या शनिवारी कार्मिनच्या हाताने, निव्वळ सवयीने, ती पुडी फाडली. हॅमच्या चवीची पूड. खोक्यावर खारवलेल्या डुकराची अख्खी गुलाबी मांडी छापलेली असते ना, तीच. लक्षात येईपर्यंत पूड पातेल्यात. आम्ही दोघं वाकून आत बघत राहिलो, जसं काही कुणी विहिरीत पडलंय. एवढ्यात तू आलीस, तीन वेळा मागून घेतलास आणि म्हणालीस, 'बघ मोन्से, डुकरावाचून अडतं का काही? देवाची करणी!' कार्मिन 'हो ना' म्हणाली आणि परसात जाऊन झग्याची बाही तोंडात कोंबून उभी राहिली. त्यानंतर खरं कोण सांगणार? दर शनिवारी पुडी पडतच राहिली. महिन्याभरात तुझे गाल भरले. नऊ वर्षांपूर्वी कार्मिन गेली, तेव्हाही मला बजावून गेली, 'ताईंचा शनिवार चुकवू नका.' मी चुकवला नाही. तू मात्र माझ्या राजम्याची कीर्ती चर्चभर केलीस आणि एकदा पाद्रीबाबांनाच घेऊन आलीस. (त्यांनी दोनदा वाढून घेतलं. तेही पाप माझ्याच डोक्यावर.)

तर सोमवारी ठरवलं, डॉक्टरला कळवायचं तर पुडीत असतं तरी काय, ते एकदा वाचू या. खोक्यावरची अक्षरं मुंगीएवढी. तोमासिनच्या दुकानात गेलो, माझ्या चष्म्यावर त्याचा चष्मा चढवला. उर्सुलाबाई खारा मासा घ्यायला आली होती. ती म्हणाली, 'वाचायचंय काय त्यात? लोह असतं लोह! माझी आठ पोरं त्याच्यावर वाढली.' तोमासिन म्हणाला, 'मग धाकट्याच्या वेळी पुड्या संपल्या होत्या वाटतं.' 'तू गप रे मेल्या. मोन्से, वाच तू मोठ्याने!' मी वाचलं. चरबी शून्य. प्रथिनं शून्य. लोह शून्य. जीवनसत्त्वं शून्य. मीठ मात्र बक्कळ. आणि खाली, काय काय घातलंय त्याची यादी: मीठ, साखर, धुराचा वास, रंग, आणि दोन अशी नावं की वाचता वाचता वरचा चष्मा घसरला. डुक्कर? शेपटीचा केससुद्धा नाही! उर्सुला मटकन तांदळाच्या पोत्यावर बसली. 'अगं बाई, मग माझी पोरं वाढली तरी कशावर?'

मी मात्र दुकानाच्या पायऱ्या नाचत उतरलो. बावीस वर्षं मनावर जे डुक्कर वागवलं, ते पुडीत कधी नव्हतंच! पण चढ चढताना उर्सुलाचा प्रश्न मागून आला आणि त्याने मला गाठलं. मग तुझे गाल कशाने भरले, ताई?

त्या दुपारी धुकं घरात शिरलं. चुलीपाशी कार्मिन उभी होती, निळ्या फुलांचा झगा घालून. तुझ्या खुर्चीत एक स्वच्छ आंघोळ केलेलं डुक्कर, गळ्यात रुमाल, फार अदबीने म्हणालं, 'वहिनी, मी इथे कधी आलोच नव्हतो हो.' कार्मिन मागे न बघता डाव फिरवत म्हणाली, 'माहीत आहे मला. आलायस तर जेवून जा.' मग करपल्याचा वास आला आणि मी उठलो. राजमा खाली लागला होता. तसाच ओट्याला टेकून रडलो थोडा वेळ. तिची फार आठवण येते, ताई. तुझीही येते. शनिवारी अजून दोन ताटं मांडतो आणि मग एक उचलून ठेवतो.

कृती वेगळ्या कागदावर लिहिली आहे. सोबतच्या पार्सलमध्ये कॉफीच्या खाली चाळीस पुड्या आहेत. डॉक्टरला सांग, पुडीत काही नाही. आणि यारित्साला म्हणावं, आईला ताट देऊन कामाला पळू नकोस, समोर बसून जेव.

तुझा धाकटा,
मोन्से

ता. क. — आता तो राखून ठेवलेला आशीर्वाद दे. मनातल्या मनात नको, यारित्साला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. म्हणालीस? पुन्हा एकदा म्हण. आई सांगायची ते आठवतंय ना, एकदा दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही?

ता. क. २ — तू निघायच्या आदल्या शनिवारी, ज्याची तुला इतकी आठवण येते, त्या दिवशी तोमासिनकडच्या पुड्या संपल्या होत्या. त्याने मला हाड दिलं. हॅमचं. खरंखुरं. ते राजम्यात चांगलं शिजलं, आणि तू यायच्या आत मी ते काढून कुत्र्याला टाकलं. (तू म्हणालीसही, कुत्रा आज काय खुशीत आहे.)

ता. क. ३ — रागाव, तुझा हक्कच आहे. पण आधी जेव. उपाशीपोटी रागावलीस तर वजन आणखी उतरेल.