काळी शाळा, गोरी शाळा

मंगळवार, १० नोव्हेंबर २०२०

शेजारच्या डच आजी म्हणाल्या, ‘ती नको, ती काळी शाळा आहे.’ म्हणजे तिथं स्थलांतरितांची मुलं जास्त. इथं सगळेच असं म्हणतात. आजींच्या मनात वाईट काही नव्हतं. आम्हाला कोरोना झाला तेव्हा दारात सूप त्यांनीच ठेवलं.

सध्या पालकांना आत सोडत नाहीत, म्हणून आज पोरीसाठी ती शाळा आणि डच मुलांची ‘गोरी’ शाळा, दोन्ही कुंपणाबाहेरून पाहिल्या.

‘गोऱ्या शाळेत घालू,’ मकरंद म्हणाला. ‘डच लवकर येईल.’

‘आपली पोर एकटीच सावळी असेल.’

‘असू दे की!’ मग त्यानं पुन्हा कुंपणातून आत पाहिलं. ‘एकटी पडेल, नाही का गं?’

काळी. मलाही आत्या लाडानंच म्हणायची. लाडानं म्हटलं तरी लागायचं.

घरी येऊन काळ्या शाळेत नाव घातलं. आजींना उद्या सांगायचं. वाईट वाटेल त्यांना, आमच्यासाठी.