चांदण्यातला ऑक्सिजन

९ नोव्हेंबर

दुर्बीण आणली! पाठीवर पेटी, हातात तिपाई, काखेत ती फिरवणाऱ्या मोटरचं खोकं. तिसऱ्या मजल्यापर्यंत एकदाही कुठे आपटली नाही. मंडळाची एकच दुर्बीण, सगळ्यांनी आळीपाळीने न्यायची. काळोख्या रात्री जुन्या सभासदांच्या, चांदण्या रात्री नव्यांच्या. मी तीन वर्षं नवा आहे!

अध्यक्ष म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर. पेटीची चावी देताना म्हणाले, "चंद्र असताना तेजोमेघाच्या नादी लागू नकोस रे. चंद्र असला की आम्ही बायकोला वेळ देतो." सगळे हसले. मग हळूच म्हणाले, "एक लक्षात ठेव — डिसेंबरच्या प्रदर्शनात ज्याचं चित्र नाही, त्याला पुढच्या वर्षी दुर्बीण नाही. आणि चंद्राची चित्रं धरणार नाही, ती फार झाली."

म्हणजे रात्री चांदण्याच, पण चंद्र चालणार नाही. हात बांधायचे आणि वर म्हणायचं, पोहून दाखव.

दाखवतो.

१० नोव्हेंबर

सहाला फ्रेमचं दुकान बंद झालं, साडेसहाला गच्चीवर. जेवलो नाही. आई जिन्यातून ओरडत होती, "तारे काही पळून जात नाहीत!" — जातात. पश्चिमेला उतरतात. हंस तारकासमूह हल्ली संध्याकाळपासूनच उतरणीला लागलेला असतो, आणि मला हवा तो मेघ हंसातच आहे. कधीकाळी फुटलेल्या एका ताऱ्याचा बुडबुडा. इतका अंधुक, की काळोख्या रात्रीही डोळ्यांना दिसत नाही.

पण माझ्याकडे कॅमेऱ्यापुढे लावायचे दोन फिल्टर आहेत, दोन्ही जुने, दुसऱ्याने वापरलेले. हायड्रोजनचा फिल्टर एकच लाल रेघ आत सोडतो, बाकीच्या उजेडाला दारातूनच परत पाठवतो. चंद्राचा त्रास लालला फारसा होत नाही. ऑक्सिजनचा फिल्टर हिरव्या-निळ्याकडचा — तिथे चंद्र घुसतो आणि सगळ्याची पेज करून टाकतो. म्हणून चंद्र असताना ऑक्सिजनच्या वाटेला जायचं नाही. पुस्तकात तसंच लिहिलंय, डॉक्टरही तसंच म्हणतात. त्यांचं तेवढं एक मी मानतो.

हायड्रोजनचे फोटो घेतले. मेघ आहे! राखेचं बोट फिरवल्यासारखा. पण त्याच्यावरून आडवा, जाड पांढरा पट्टा गेलाय.

पट्टा कुठून येतो ते कळायला वेळ लागला नाही. पश्चिमेला शेजारच्यांची गच्ची. तिच्यावर शेड, शेडवर उतरता चकचकीत पत्रा. पूर्वेकडून चंद्र त्याच्यावर पडतो आणि पत्रा तो सरळ माझ्या दुर्बिणीच्या तोंडात फेकतो.

आणि त्या घराशी आमचं बोलणं नाही. ह्याच पत्र्यावरून नाही! त्याचं पाणी आमच्या भिंतीवर पडतं म्हणून मी शाळेत असताना कडाक्याचं भांडण झालं. तेव्हापासून त्या काकांचं आमच्या घरातलं नाव 'पत्रेवाले'.

बाबा अंगणात स्कूटर पुसत होते. मी खाली आलो तर म्हणाले, "समोर एवढा चंद्र दिसतोय तो सोडून जे दिसत नाही त्याचे फोटो! शाळेतही हेच. विचारलेलं सोडून बाकी सगळं पाठ."

पाणी पिऊन परत वर गेलो.

११ नोव्हेंबर

दुकानात काळ्या पुठ्ठ्याचे मोठे तुकडे उरतात. मालकांना विचारून घेतले. लाकडी पट्ट्यांवर ठोकून माणसापेक्षा उंच पडदा केला आणि कठड्याला बांधला. आता पत्रा दिसत नाही. दुर्बिणीच्या तोंडाला पुठ्ठ्याची टोपीही केली. कडा अगदी काटकोनात. कामात हात बसलाय तो उगाच नाही.

१२ नोव्हेंबर

पट्टा आहेच. बारीक झालाय, पण आहे. पडद्याच्या वरून येतो की फटीतून? जीव खातोय.

बाबा पहिल्यांदाच लॅपटॉपजवळ आले. चष्मा वर केला. "हे पांढरं काय?"

"पत्रेवाल्यांचा पत्रा."

बराच वेळ बघत राहिले. गॅरेजमध्ये आयुष्यभर गाड्यांना रंग मारलाय त्यांनी, चकाकी त्यांना बघताक्षणी कळते. म्हणाले, "चमक अशीच असते. कुठेतरी उडी मारते, कुठेतरी पडते." आणि जाता जाता, "त्या माणसाचा उजेडसुद्धा आगाऊ!"

मला हसू आलं. पण झोप आली नाही. एवढ्या खटपटीवर त्या एका पत्र्याने पाणी फिरवायचं? फिरवू देणार नाही. पडदा आणखी दोन बोटं वर घेईन. टोपी लांब करीन. गच्चीवर भिंत बांधावी लागली तरी बांधीन!

१३ नोव्हेंबर

दुकानात जायच्या आधी फिल्टर बाहेर काढून हवा मारायच्या रबरी फुग्याने फुंकून साफ केले. ज्या खणात ते बसतात त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या सुटायला आल्या होत्या, त्या काढून नव्या लावल्या. 'हायड्रोजन', 'ऑक्सिजन' — ठळक, सुवाच्य. शब्दकोशात बघून. वस्तूवर नाव नीट असलं की माझ्या जिवाला बरं वाटतं.

संध्याकाळी घरी आलो तर बाबा आधीच आलेले, आंघोळ करून आडवे. आई म्हणाली, "दुपारीच आले. का ते मला विचारू नकोस, मला सांगत नाहीत." बरं नसेल. विचारावंसं वाटलं, पण तिकडून टोमणाच आला असता.

पडदा वर घेतला. टोपी लांब केली. हायड्रोजनचा खण लावला.

पट्टा गेला!!

गेला म्हणजे गेला. कुठल्याच कोपऱ्यात मागमूस नाही. दोन बोटांचा फरक! मी धावत खाली जाऊन सांगितलं. आई म्हणाली, "हो का, छान, आता जेव." बाबा छताकडे बघत म्हणाले, "पुठ्ठ्यानं झालं म्हणायचं."

"पुठ्ठ्यानंच!" मी म्हटलं. जरा जोरातच.

१४ नोव्हेंबर

स्वच्छ. पट्टा नाही.

१५ नोव्हेंबर

आज पूर्ण चंद्र. गच्चीवर पेपर वाचता येईल असं चांदणं. शेजारपाजारचे सगळे चंद्राकडे बघतात आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसलोय. येऊ दे किती यायचा तो!

१९ नोव्हेंबर

लिहायला हात होत नाही.

सगळे फोटो एकावर एक रचले. एकेका फोटोत मेघ पुसट असतो, वीस-पंचवीस रचले की उठून दिसतो. आधीच्या दोन रात्रींत राखेसारखा पसरलेला मेघ आहे. नंतरच्या तीन रात्रींत तो नाही! त्याच जागी एक बारीक कमान आहे, नखाच्या कडेसारखी. मेघ आपला आकार बदलेल कसा?

फिल्टर खणातून काढून दिव्यासमोर धरले. 'हायड्रोजन' लिहिलेल्या खणातून दिवा हिरवट-निळा दिसला.

फिल्टरांची अदलाबदल झालीय. फुंकायला बाहेर काढले, दिसायला दोन्ही सारखेच, आरशाच्या मोठ्या बटणासारखे — आणि परत ठेवताना हा त्याच्या जागी, तो ह्याच्या. वर सुवाच्य अक्षरात नावं! जुन्या फाटक्या चिठ्ठ्यांनी कधी दगा दिला नव्हता. माझ्या नीटनेटकेपणाने दिला.

तीन रात्री वाया. पूर्ण चंद्राखाली ऑक्सिजन! एखाद्या वेड्यानेही केलं नसतं.

तीच तारीख, झोपण्याआधी

पण वाया कशा? कमान आहे. पेज झालेली नाही. कमान आहे!

ठाऊक असतं तर ऑक्सिजनचा फिल्टर लावलाच नसता. ठाऊक नव्हतं म्हणून झालं. आधीच्या रात्रींचा हायड्रोजन लाल, पट्ट्याची बाजू कापून टाकायची. नंतरचा ऑक्सिजन निळा-हिरवा. राखेच्या मेघाला निळी किनार. असं चित्र मंडळात कुणाचंच नाही, त्यांच्या काळोख्या रात्री धरूनसुद्धा.

देणार. खरं तेच लिहून देणार — ऑक्सिजन, पूर्ण चंद्र, चुकून.

२ डिसेंबर

मंडळाची बैठक. डॉक्टरांनी चित्र हातात घेतलं, भिंग लावलं, खाली ठेवलं, परत उचललं.

"पूर्ण चंद्राला ऑक्सिजन? कुठून आणलंस हे?"

"वरून," मी म्हटलं. "सगळे आणतात तिथूनच."

कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टर हसले नाहीत. "चुकून म्हणतोस. चुकून इतकं स्वच्छ येत नाही बाळा. मी चोर म्हणत नाही तुला. पण पुढच्या चांदण्यात मी तुझ्या गच्चीवर येतो, माझ्यासमोर एक फोटो काढ. कमान आली तर चित्र भिंतीवर. नाही आली तर चित्र परत आणि दुर्बीणही परत."

"या," म्हटलं. "चहा मिळेल."

बाहेर आल्यावर पायरीवरच बसलो. पण ते बाहेर आल्यावर!

९ डिसेंबर

जेवण जात नाही. आई म्हणते, "दुर्बीण गेली तर गेली, तू तरी राहा." जाणार नाही, आई. दोघंही जाणार नाही.

१३ डिसेंबर

डॉक्टर जिना चढून धापा टाकत आले. चंद्र जवळजवळ पूर्ण. बाबा स्वतः चहा घेऊन वर आले — कधी नव्हे ते! आणि म्हणाले, "डॉक्टर, आलाच आहात तर ह्याचे डोळे तपासा. जे नाही ते दिसतं ह्याला."

"तेच बघायला आलोय," डॉक्टर म्हणाले.

मी दुर्बीण हंसावर नेली. ऑक्सिजनचा फिल्टर, दिव्यासमोर चारदा धरून. सगळं तयार. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "हा पडदा काढ."

"पडदा? तो पत्र्याच्या चमकेसाठी आहे. काढला तर पट्टा येईल."

"उद्या लोक म्हणतील पडद्याआड काय केलं कुणास ठाऊक. काढ. ती टोपीपण."

हात जोडायचेच काय ते बाकी होते. पुठ्ठ्याशिवाय काही राहत नाही हो, म्हटलं, त्याच्यावरच तर सगळं उभं आहे. डॉक्टर चहा पीत राहिले. बाबा कठड्याशी उभे होते. म्हणाले, "काढ रे. एवढा घाबरतोस काय?"

राग आला. डॉक्टरांचा नाही, बाबांचा. ह्यांचं काय जातंय! पण त्या रागातच गाठी सोडल्या. येऊ दे पट्टा. पट्ट्यासकट कमान दाखवीन. पट्ट्याच्या डोक्यावर दाखवीन!

फोटो दहा मिनिटं चालतो. मी पत्र्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चित्र आलं. मी आधी पट्टा शोधला. नव्हता. वर नाही, खाली नाही. मग डॉक्टरांनी चष्मा काढला, नाक लॅपटॉपला टेकेल इतके वाकले आणि बोट ठेवलं.

"आहे," म्हणाले. "आहे रे."

नखाची कड.

जाताना जिन्यात म्हणाले, "जानेवारीत काळोख्या रात्री तू घे." मला काय झालं कुणास ठाऊक — म्हटलं, "नको. मला चांदण्याच राहू द्या." ते खो खो हसले. "आणि बायको?" "ती नाही अजून," म्हटलं. बाबाही हसले. पहिल्यांदा माझ्या बाजूने.

पण पडदा नव्हता. टोपी नव्हती. मग पट्टा गेला कुठे?

१४ डिसेंबर

सकाळी दात घासत गच्चीवर गेलो. महिन्याभराने तो पत्रा उजेडात बघितला. काळा. पूर्ण काळा, कुठेही चकाकी नाही, आणि कडेचा शेवटचा हात वरून खाली एका दमात मारलेला, गाडीच्या दाराला मारतात तसा. पत्रेवाले काका खाली कुंड्यांना पाणी घालत होते. मान वर करून म्हणाले, "तुझ्या बाबांनीच रंगवला. महिना झाला. दारात आले, आत नाही आले. म्हणाले, पोराचं काम आहे. उन्हाळ्यात भट्टी होणार बघ माझी." मग हसले. "परवा फाटकाशी भेटले तेव्हा म्हणत होते — त्याला वाटतंय पुठ्ठ्यानं जमलं. वाटू दे."