डाव्या अंगाची आत्या

४ मार्च
पोहोचले! शार्लट शहराची गर्दी सुटली एकदाची. साउथ कॅरोलिनाच्या या बेटावरचं एस्टेलआत्याचं घर तिच्या मागे आता माझं: ओसरीवर झोपाळा, समोर खाडी, अंगणात ओकचं झाड. माणसं मात्र होती तशीच राहिली, भाबडी. शेजारच्या रुथेलमावशी लाल भात घेऊन आल्या आणि टेकायच्या आत विचारतात, डेल्फिन पोरी, डोळे तपासलेस का? तुझ्या आत्याला काचबिंदू होता, तुझ्या बापालाही, तो रक्तातून येतो. मी सांगितलं, मावशी, मी चष्म्याशिवाय बायबल वाचते. तर म्हणाल्या, वाच बाई वाच, तो अक्षरं शेवटी खातो. काय एकेक अक्कल!

९ मार्च
आत्याचं घर आवरताना हसू आवरेना. प्रत्येक दाराच्या चौकटीला चिंध्या गुंडाळलेल्या, पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी, फ्रिजमध्ये डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या. म्हातारी शेवटी भ्रमिष्टच झाली असणार. सगळं ओरबाडून कचऱ्यात टाकलं. आता कुठे घर माणसाचं दिसतंय.

रविवार, २१ मार्च
प्रार्थनेनंतर चर्चच्या मागच्या दालनात डोळ्यांची यंत्रं मांडली होती. आधी डोळ्यातला दाब मोजतात, मग एका पांढऱ्या घुमटात डोकं घालायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. बायका आपापल्या हॅट सावरत रांगेत उभ्या, जशी काही जत्राच. मी सरळ तळलेल्या कोंबडीकडे वळले. तिथे डावीकडून कुणीतरी धडकलं. पाहते तर पाद्री! माफी त्यांनी मागितली. मागायलाच हवी होती.

६ एप्रिल
डावा खांदा काळानिळा. पुन्हा चौकटीवर आपटले. चौकट आधी तिथे नसते, मग असते.

१५ एप्रिल
डावीकडे कुणीतरी उभं असतं. कॉफीचा कप ठेवला की नाहीसा होतो. मान वळवली की तिथेच. परवा चौकात डावीकडून ट्रक उगवला, हवेतून. आत्याच ही. चिंध्या फेकल्याचा राग. भुताच्या गोष्टींवर पोट धरून हसणारी मी आज निळा रंग घेऊन आले. दार निळं असलं की भूत आत येत नाही म्हणतात इथे. रुथेलमावशी कुंपणावरून ओरडल्या, अगं येडे, दार रंगवशील, डोळ्याला काय लावशील? म्हातारीला दुसरा विषयच नाही.

१६ एप्रिल
रंगाचा शिंतोडा उजव्या डोळ्यात उडाला. तो डोळा मिटला आणि — दार गेलं. घर गेलं. अंधार नव्हे. काळंही नव्हे. काहीच नाही. मध्यभागी कुलपाच्या भोकाएवढं निळं —

२ मे
मावशींनी ओढत डॉक्टरकडे नेलं. कालचं पोरगं ते. म्हणे दाब फार वाढलाय, डाव्या डोळ्यामागची नस सुकली, गेलेली नजर परत येत नाही. उजव्यातही सुरुवात आहे. रोज थेंब घालायचे, जन्मभर, तर उरलेली टिकेल. म्हणजे आत्या नव्हतीच. डावीकडे कुणीच नव्हतं. याचीच जास्त भीती वाटते.

११ जुलै
थेंब झोंबतात. घालून तसूभरही जास्त दिसत नाही. डोळा दुखत नाही, अक्षर स्वच्छ दिसतं, मग कशाला? बंद केले. मावशींना सांगायची गरज नाही, उगाच कटकट.

पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर
आता उजवीकडेही — पायरी नव्हती, पडले. चौकटींना चिंध्या बांधल्या. आत्याने बांधल्या होत्या तशाच. गाठीसुद्धा तशाच —

तारीख शोधली, दिसत नाही
थेंब पुन्हा सुरू. मावशी घालतात, शिव्या देत. उरलंय तेवढं टिकेल, म्हणतात. केवढं उरलंय ते विचारत नाही. अक्षर दिसतं अजून. एकेक. पेनाचं टोक दिसतं, त्याच्या बाहेर —

मावशी आल्या वाटतं. कुठल्या बाजूला उभ्या आहेत कळत नाही. रडताहेत. म्हणतात, पोरी, थांब, वहीचं पान कधीच संपलं, तू मघापासून मेजावर लि —