धाकट्या जावेच्या निधनामुळे बंद केलेला व्यायामवर्ग

प्रति,
मा. अधिकारी,
सार्वजनिक सभागृहे व उद्याने विभाग,
नगर कार्यालय.

विषय : तळमजल्यावरील हॉल महिलांच्या व्यायामवर्गासाठी पुन्हा उघडून त्याची किल्ली पूर्वीप्रमाणे माझ्याकडे देणेबाबत.

संदर्भ : आपल्या शिपायाने हॉलच्या दाराला वाकडी चिकटवलेली बंदीची नोटीस.

महोदय,

मी, पाळी गेलेल्या महिलांच्या सकाळच्या व्यायामवर्गाची प्रमुख, पुढीलप्रमाणे विनंती करते. विनंती म्हणते आहे, कारण अर्जात तसे लिहावे लागते.

१. सदर वर्ग मी स्वतःच्या हिमतीवर उभा केला. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी याच हॉलमध्ये व्याख्यान दिले होते. पाळी गेल्यावर बाईच्या हृदयाला आधीसारखे संरक्षण राहत नाही, रक्तदाब वाढतो, चरबी वाढते, पण रोज भरभर चालले तर धोका कमी होतो, असे त्या म्हणाल्या. पुढे त्या आणखी बरेच काही सांगत होत्या, परंतु चहाची व्यवस्था माझ्याकडे असल्याने मी उठून गेले. जेवढे कानावर पडले तेवढ्यावर मी वर्ग सुरू केला. तोवर या सगळ्या बायका बाकावर बसून सुनांची उणीदुणी काढीत होत्या.

२. वर्गाला शिस्त होती. हॉलमधल्या खुर्च्या मी कुलपात टाकल्या, कारण बसायला मिळाले की बाई बसते. चालता चालता कोणी खाली बसलीच, तर बाकीच्यांनी तिच्याभोवती गोल करून ती उठेपर्यंत टाळ्या वाजवायच्या, ही पद्धत माझी. यात अपमान कसला? हे प्रोत्साहन आहे. वर्गातल्या शिंपीणबाई एकदा त्या टाळ्यांनी रडल्या होत्या, पण रडत का होईना, उठल्या होत्या.

३. मयत ही माझी धाकटी जाऊ. एकाच घरात, एकाच ओट्याशी आमचा जन्म गेला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मला कळते, परंतु ती अंगचोर होती. भांडी घासताना कंबर, कपडे वाळत घालताना खांदा, सदानकदा काहीतरी. आधीचे काही दिवस जबडा दुखतो म्हणत होती, तेव्हा मी तिला बोलणे कमी करण्यास सांगितले. मळमळते म्हणाली, तेव्हा रात्री एवढे हाणतेस कशाला, असे विचारले. जिना चढताना तिला धाप लागली, तर मी शेजारणीला तिची नक्कल करून दाखवली. शेजारीण पोट धरून हसली. घरात असे चालायचेच. मात्र तिला वर्गात मीच ओढून आणत होते, याची कृपया नोंद घ्यावी. तिच्या हृदयाची काळजी त्या घरात दुसऱ्या कोणाला होती?

४. घटनेच्या दिवशी ती चालता चालता भिंतीला टेकून खाली बसली. चेहरा घामाने डबडबलेला. अंगातून गरम वाफा येणे म्हणजे काय हे आम्हा सर्वजणींना चांगले ठाऊक असल्याने, "वाफा आल्या, दुसरं काय!" असे सर्वानुमते ठरले. शिंपीणबाई तेवढ्या मध्येच म्हणाल्या, "अहो, हिच्या वाफा कधीच्या थांबल्यात. हात बघा, गार पडलाय." मी त्यांना गप्प केले. वर्गाला प्रमुख एकच असते. टाळ्या सुरू झाल्या. जाऊ म्हणाली, "ताई, आज राहू द्या. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय." मी म्हणाले, "तूच बसली आहेस बाई, तुझ्यावर कोण बसतंय?" बायका खळखळून हसल्या. खोटे कशाला सांगू, जाऊही हसली. मग भिंतीचा आधार घेत उठली. आम्ही आणखी जोरात टाळ्या वाजवल्या आणि तिने जवळजवळ पूर्ण फेरी मारली. दारापाशी पडली. ती उठून चालली होती, ही गोष्ट आपल्या चौकशीत कुठेच आलेली नाही, याचे मला वाईट वाटते.

५. डॉक्टरीणबाई आता सांगतात की बायकांना हृदयाचा झटका पुष्कळदा असाच येतो. घाम, जबडा, पाठ, मळमळ, थकवा. दर वेळी छाती धरून कोसळतेच असे नाही, आणि त्रास होऊ लागला की व्यायाम तिथल्या तिथे थांबवून दवाखाना गाठायचा. व्याख्यानात हेच सांगितले होते म्हणे. असेल. मग चहाच्या आधी सांगायला काय झाले होते? महत्त्वाचे आधी बोलावे हे शिकल्यासवरलेल्या बाईला मी शिकवायचे का? माझ्या डोक्यावर खापर फोडण्यापूर्वी आपण त्यांनाही नोटीस चिकटवावी.

६. आपण घातलेल्या अटी, म्हणजे प्रत्येकीची तपासणी, प्रशिक्षित शिक्षिका आणि भिंतीलगत खुर्च्या, मला मान्य नाहीत. वर्गातल्या बायका सध्या बागेत डॉक्टरीणबाईंबरोबर चालतात. चालताना बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा, असा तिथला नियम आहे. दमल्या की बसतात, पाणी पितात, पुन्हा उठतात. पुढे शिंपीणबाई असतात! काल मी बागेच्या फाटकाशी उभी होते. एकीनेही मान वळवली नाही.

७. मयताच्या पतीची हरकत नसल्याचे पत्र आपण मागितले आहे. तो माझा दीर, कालपर्यंत माझ्याच हातचे जेवत होता. सही करीना, म्हणून मी त्याच्यापुढे ताट वाढणे बंद केले. तरी हटला नाही. म्हणाला, "वहिनी, तिला कुठली व्यायामाची हौस? घरी राहिली असती तर दिवसभर तुमचं ऐकावं लागलं असतं, म्हणून यायची." या विधानाचा हॉलशी काय संबंध, हे आपणच सांगावे. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही.

८. दीर काल कायमचा लेकीकडे निघून गेला. जाताना बायकोचा फोटो भिंतीवरून काढून नेला. पहाटे उठून मी आवरते, बूट घालते आणि बसून राहते, कारण मला जायला ठिकाण नाही. माझ्या हाकेने दचकणारे आता त्या घरात कोणी उरलेले नाही. सबब, हॉलची किल्ली मला विनाविलंब परत मिळावी.

नम्रतेची सवय नसलेली, तरी आपली नम्र,

(सही)
प्रमुख, महिला व्यायामवर्ग

दिनांक : नोटीस लागल्यानंतरचा दुसरा सोमवार

सोबत : सर्व सभासदांच्या वतीने पाठिंब्याचे पत्र (सही माझी एकटीचीच आहे).